सागाच्या पानावरची बुरशी

साग हे चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या शुष्क पानगळीच्या जंगलांचे ओळखीचे झाड आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पहिल्या पावसात त्याला नवी पाने फुटतात, हिवाळ्यापासून ती गळू लागतात. या काही महिन्यांच्या आयुष्यात सागाचे पान क्वचितच एकटे असते. बुरशीच्या अनेक जाती त्याच्या पृष्ठभागावर आणि पेशींच्या मधल्या जागेत राहतात, आणि पान गळून पडल्यावर त्याची माती करण्याचे कामही मुख्यतः बुरशीच करते. यांपैकी रोग पसरवणाऱ्या जाती थोड्या आहेत. बाकीच्यांवर जंगलाचा कस टिकून असतो.

उष्ण प्रदेशातील झाडांची कोवळी पालवी उमलते तेव्हा तिच्यात बुरशी जवळजवळ नसते. हवेतून, पावसाच्या थेंबांतून आणि शेजारच्या जुन्या पानांवरून बुरशीचे बीजाणू तिच्यावर येऊन पडतात. ओलावा मिळाला की ते रुजतात. त्यांचे बारीक तंतू पर्णरंध्रांतून किंवा थेट वरच्या आवरणातून आत शिरतात. काही जाती आत शिरूनही पानाला इजा करत नाहीत. पान हिरवेगार, निरोगी दिसते आणि बुरशी आत मुक्कामाला असते. अशा जातींना अंतर्वासी बुरशी म्हणतात. पान जुने होत जाते तशी त्यातील अंतर्वासी बुरशींची संख्या वाढत जाते.

भारतातील अंतर्वासी बुरशींवर चेन्नईचे शास्त्रज्ञ टी. एस. सूर्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ काम केले आहे. त्यांनी मुख्यतः तामिळनाडूतील मुदुमलाईसारख्या जंगलांतील झाडांची पाने तपासली. फायलोस्टिक्टा कॅपिटालेन्सिस ही एकच जात एकमेकांशी नाते नसलेल्या अनेक झाडांच्या पानांत राहते, हे या अभ्यासातून दिसले. काही बुरशी मात्र विशिष्ट झाडालाच धरून असतात.

हा मुक्काम झाडाच्याही उपयोगी पडू शकतो. पनामात कोकोच्या रोपांवर केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही पानांमध्ये मुद्दाम अंतर्वासी बुरशी रुजवली आणि नंतर रोपांना रोगजंतूची लागण केली. अंतर्वासी बुरशी असलेली पाने कमी करपली आणि कमी गळाली. आधीच वसलेली बुरशी रोगजंतूला जागा आणि अन्न मिळू देत नाही, काही वेळा त्याला मारक रसायनेही सोडते.

रोग करणाऱ्या बुरशींमध्ये सागावर तांबेरा महत्त्वाचा आहे. ओलिव्हिया टेक्टोनी या बुरशीमुळे तो होतो. पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी-पिवळी पूड दिसते आणि वरच्या बाजूला त्याच जागी करडे-तपकिरी डाग पडतात. ही पूड म्हणजे असंख्य बीजाणू; वाऱ्याबरोबर ते दूरवर जातात. तांबेऱ्याची बुरशी केवळ जिवंत पेशींतूनच अन्न घेऊ शकते, म्हणून ती पेशी लगेच मारत नाही, त्यांच्यात शोषक तंतू घालून अन्नरस घेत राहते. लागण वाढली की पान वेळेआधी गळते. हा रोग दीर्घकाळ आशियापुरता होता; एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील साग लागवडींतही पोहोचला.

दुसरा रोग भुरीचा. अनसिन्युला टेक्टोनी ही बुरशी पानावर पांढरट, पिठासारखा थर धरते. तिचे तंतू पृष्ठभागावरच पसरतात आणि फक्त सर्वांत वरच्या थरातील पेशींतून अन्न घेतात. पानावर काळी काजळी दिसली तर कारण वेगळे असते. रस शोषणाऱ्या किडींच्या गोड, चिकट स्रावावर काजळी बुरशी वाढते. ती पानात शिरत नाही, मात्र सूर्यप्रकाश अडवते.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागाची पाने जाळीसारखी झालेली दिसतात, तो बुरशीचा रोग नव्हे. युटेक्टोना मॅकेरालिस या पतंगाची अळी शिरांमधला हिरवा भाग खाते आणि शिरांचा सांगाडा मागे ठेवते.

मोठ्या झाडाला तांबेरा किंवा भुरीने सहसा फारसे नुकसान होत नाही, कारण रोग वाढतो तोवर पानगळ जवळ आलेली असते. रोपवाटिकेत चित्र वेगळे असते. दाट वाफ्यांत हवा खेळत नाही, ओलावा टिकतो, आणि कोवळ्या रोपाला पाने गमावणे परवडत नाही. रोपांत पुरेसे अंतर, बेताचे पाणी, रोगट पाने वेळीच काढून टाकणे आणि गरज पडल्यास गंधकयुक्त बुरशीनाशक हे उपाय तिथे उपयोगी पडतात.

 

पान गळल्यावर बुरशीचे मोठे काम सुरू होते. जिवंत पानात असलेल्या काही अंतर्वासी जाती ते कुजवायला आधी लागतात. साधी शर्करा प्रथम संपते, मग सेल्युलोज फोडले जाते. सर्वांत चिवट असलेले लिग्निन प्रामुख्याने छत्रीवर्गीय बुरशी फोडतात. नत्र, स्फुरद आणि पोटॅश मातीत परततात, आणि पुढची पालवी त्यांवर वाढते.

या चक्रात वणवा खंड पाडतो. त्यात वाळलेला पालापाचोळा आणि त्यावरच्या बऱ्याच बुरशीही जळतात. तरीही काही तग धरतात. सूर्यनारायणन यांच्या गटाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील पालापाचोळ्यातील काही बुरशींचे बीजाणू १०० अंश सेल्सियसहून अधिक कोरड्या उष्णतेतही जिवंत राहिले. दरवर्षी आग सोसणाऱ्या जंगलात कुजण्याची प्रक्रिया पुन्हा सुरू होण्यास असे बीजाणू मदत करत असावेत.

पालापाचोळ्याचा काही भाग वाळवी वारुळात नेते. तिथे ती टर्मिटोमायसिस या बुरशीची जोपासना करते, आणि ही बुरशी चिवट पाचोळा वाळवीला पचण्याजोगा करून देते. पावसाळ्यात याच बुरशीच्या छत्र्या जमिनीतून वर येतात. पूर्व विदर्भात सात्या म्हणून आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या रानभाजीचे मूळ या व्यवहारात आहे.

जगात बुरशीच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात असा २०१७ सालचा अंदाज आहे; नाव मिळालेल्या जाती सुमारे दीड लाख आहेत. उरलेल्यांपैकी अनेक जाती उष्ण प्रदेशातील झाडांच्या पानांत असण्याची शक्यता मोठी आहे. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीजवळच्या जुन्या सागवनाला २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. अशा ठिकाणी झाडांची, पक्ष्यांची नोंद होते तशी पानांतील आणि पाचोळ्यातील बुरशींचीही व्हायला हवी. पाचोळा जाळणे टाळणे, तो जिथे पडला तिथेच कुजू देणे, हे या बुरशींच्या आणि त्यांच्यावर जगणाऱ्या सागाच्याही रक्षणाचे सर्वांत सोपे साधन आहे.