गाणं माहीत असणं आणि गाणं येणं

शाळेत संगीत कसं शिकवावं, हा आजचा विषय. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे सुरुवात एका भेदापासून करतो. मालवणच्या किनाऱ्यावरचं पोर म्हणतं, ‘मला पोहता येतं.’ ‘मला पोहण्याविषयी माहिती आहे,’ असं ते म्हणत नाही. गिल्बर्ट राइल यांनी हाच भेद १९४९ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला. आपल्या भाषेत तो क्रियापदातच आहे: माहीत असणं वेगळं, येणं वेगळं.

आता शाळेतला पेपर बघा. केरव्याच्या मात्रा किती? आठ. खाली कितव्या मात्रेवर? पाचव्या. दोन्ही उत्तरं बरोबर, पण टाळी द्यायला सांगितलं की मुलगा पुढे पळतो. त्याच बाकावरचा दुसरा मुलगा गावच्या भजनात झांज वाजवतो. बुवांनी लय वाढवली तरी त्याचा हात चुकत नाही. तो आठ मात्रांचा भजनी ठेकाच सांभाळतो. फक्त मात्रा किती, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. पेपरात तो नापास! ज्याला येतं त्यालाच आपण ‘तुला येत नाही’ म्हणतो. काही मुलं मग जन्मभर तोंड उघडत नाहीत.

दोष लेखनाचा आहे का? नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गाणं वर्गात आणलं. भातखंड्यांनी घराण्यांतल्या बंदिशी मिळवून स्वरलिपीसह छापल्या. ही कामं मोठीच. पण स्वरलिपी ही ऐकलेल्याची खूण असते. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ येते. शुद्ध आणि कोमल गंधारातला फरक ज्याने ऐकलाच नाही, त्याच्यासाठी ती नुसतीच रेघ.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी कान आणि हात, मग नाव, शेवटी चिन्ह. शिक्षकाने ‘सा रे ग’ गावं. मधूनच गंधार उतरवावा. उतरला की मुलांनी हात खाली करायचा. चाळीस मुलांना हे एकदम जमतं. सगळे हात बरोबर पडू लागले, की ‘याला कोमल म्हणतात’ असं सांगावं, आणि मगच फळ्यावर रेघ काढावी. तालाचंही तसंच. झांजवाल्या मुलाला पुढे बोलवावं, वर्गाने त्याच्यामागे टाळी धरावी, नंतर मात्रा मोजाव्यात. हंगेरीत कोदाय यांनीही मातृभाषेतल्या लोकगीतांपासूनच सुरुवात करायला सांगितलं. आपल्याकडे भजन आहे, दशावतार आहे. दूर जायला नको.

कुणी म्हणेल, याला वेळ लागतो, परीक्षेचं काय? तर परीक्षाही तशीच घ्या. दोन मिनिटं ठेका धरायला लावा. मुलाला येतं की नाही, ते तिथल्या तिथे कळेल. पेपर त्यानंतर.