आधी त्याचं खाणं विचारा

माझ्या दवाखान्यात कुत्री पट्ट्याला धरून येतात, मांजरं टोपलीतून येतात आणि गिनी पिग येतो तो चपलांच्या खोक्यातून. खोक्याला पेन्सिलीने पाडलेली भोकं, आत ओल्या वर्तमानपत्राचा लगदा, बरोबर एक शाळकरी मूल आणि त्याचे आईवडील. तक्रार ठरलेली. "मॅडम, कालपासून काही खातच नाहीये." मी विचारते, कालपर्यंत काय खात होता? पोळी, बिस्किट, गाजर, कधीतरी दूधभात. "आणि गवत?" यावर आईवडील एकमेकांकडे बघतात.

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले तेव्हा गाय, म्हैस, शेळी, घोडा, कुत्रा एवढंच आमचं जग होतं. गिनी पिग भेटायचा तो प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात. आता तो पुण्यातल्या टू-बीएचकेच्या हॉलमध्ये राहायला आलाय आणि त्याच्या पाठोपाठ हॅमस्टर, कॉकॅटियल, शुगर ग्लायडर, अगदी इग्वानासुद्धा. सोसायटी कुत्र्याला नाक मुरडते, घरात भावंडं नाहीत, मुलाला काहीतरी जिवंत हवं असतं. कारणं खरी आहेत. माझं भांडण हौसेशी नाही, निवडीशी आहे. लोक रूप बघून प्राणी घेतात. मी म्हणते, आधी त्याचं खाणं विचारा, मग तो जगतो किती ते विचारा, मग त्याला तपासणारा डॉक्टर आपल्या गावात आहे का ते बघा. रूप काय, पिल्लू असताना सगळ्यांचंच गोड असतं.

त्याच्याही आधी कायदा. "पोपट तर आमच्या आजीकडेपण होता" हे मला नेहमी ऐकवलं जातं. असेल. पण आपला हिरवा पोपट, पहाडी मैना किंवा पाठीवर चांदण्या असलेलं तारा कासव घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. विकत आणला काय आणि कोणी भेट दिला काय, फरक पडत नाही. परदेशी जातींचं गणित वेगळं. ज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस कराराने बंधनं आहेत, त्या जाती २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात आल्या आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असे प्राणी 'परिवेश' पोर्टलवर नोंदवावे लागतात. आफ्रिकन ग्रे पोपट, इग्वाना, बॉल पायथॉन हे सगळे त्यात येतात. गिनी पिग, हॅमस्टर, बजरीगार, कॉकॅटियल येत नाहीत. पाळीव प्राण्यांच्या दुकानालाही २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. दुकानदार पावती द्यायला का-कू करू लागला तर तिथूनच मागे फिरावं.

खाणं आणि आयुष्य या दोनच चाळण्या लावल्या तरी बरेच प्राणी गळतात. मत्स्यालयाच्या दुकानात नाण्याएवढं दिसणारं, कानामागे लाल पट्टा असलेलं कासव हे मूळचं अमेरिकेतलं. ते ताटाएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. बादलीत मावेनासं झालं की लोक त्याला तळ्यात किंवा देवळाच्या कुंडात 'मुक्त' करतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे, तेव्हा हे पुण्य कुठल्या खात्यात जमा होतं देव जाणे. शुगर ग्लायडर रात्री जागतो, कळपात राहतो आणि मूळ मुलखात झाडांचा डिंक, फुलांतला मध, किडे यांवर जगतो. नुसत्या केळं-सफरचंदावर त्याची हाडं ठिसूळ होतात. माझ्या मते त्याला फ्लॅटमध्ये आणूच नये. कॉकॅटियल चांगला, बोलका, माणसाळणारा, पण पंधरा-वीस वर्षांचा सोबती आहे. आणि त्या घरात नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवायची सोय नाही. त्या लेपातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही, पक्षी मात्र काही मिनिटांत मरतो.

गिनी पिग या चाळण्यांतून पार होतो. पाच ते आठ वर्षं जगतो, दिवसा जागा असतो, सहसा चावत नाही आणि वाळलेलं गवत सोडलं तर त्याचं बाकीचं खाणं भाजीवालीकडे मिळतं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात हजारो वर्षांपूर्वी माणसाने त्याला पाळलं ते खाण्यासाठी. पेरूमध्ये आजही त्याचं मांस खातात. कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाचं एक जुनं चित्र आहे, त्यात मधल्या ताटलीत भाजलेला गिनी पिगच आहे. असो. त्याच्या खाण्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात आणि माझ्याकडे येणारी बहुतेक खोकी या दोहोंपैकी एकीमुळे येतात.

पहिली गोष्ट, क जीवनसत्त्व. कुत्रं, मांजर, गाय हे आपल्या शरीरातच ते तयार करतात. माणसाला ते जमत नाही आणि गिनी पिगलाही जमत नाही. १९०७ साली नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रोलिश हे दोघे वेगळ्याच आजाराच्या शोधात होते. त्यांना प्राण्यात बेरीबेरी निर्माण करून बघायची होती. त्यांनी गिनी पिगला नुसतं धान्य आणि पाव खायला घातलं आणि झाला स्कर्व्ही. क जीवनसत्त्वाचा पुढचा शोध सोपा झाला तो या प्रयोगामुळे. तोच प्रयोग आज कोथरूडच्या स्वयंपाकघरात पोळी-बिस्किटांवर चाललेला असतो, फक्त कोणी टिपणं काढत नाही. "मॅडम, सोफ्यावरून पडला असणार, मागचे पाय ओढतोय," असं सांगत आणतात. एक्स-रेत हाड मोडलेलं नसतं. गुडघ्याला हात लावला की तो किंचाळतो, सांधे सुजलेले असतात, अंगावरचे केस राठ झालेले असतात. क जीवनसत्त्व सुरू केलं की बरेचसे आठवडाभरात पुन्हा पळायला लागतात.

त्याला वजनाच्या दर किलोमागे रोज १० ते ३० मिलीग्रॅम लागतं. ढोबळी मिरचीची एक जाडसर फोड आणि मूठभर कोथिंबीर, झालं. हंगामात आवळ्याची बारीक चकतीही चालते. पाण्यात थेंब टाकायचं औषध मी सुचवत नाही. पाण्यात ते काही तासांत निकामी होतं आणि चव बदलली म्हणून प्राणी पाणीच प्यायचा थांबतो. दुकानातल्या गोळी-खाद्यातलं जीवनसत्त्वही महिन्यांगणिक उतरत जातं, म्हणून पाकिटावरची तारीख बघा आणि सुटं खाद्य घेऊ नका.

दुसरी गोष्ट, दात. गिनी पिगला २० दात असतात. पुढचे चार दिसतात, आतल्या सोळा दाढा दिसत नाहीत आणि हे सगळे जन्मभर वाढत राहतात. झिजतात ते गवत दळून. गवत नसेल तर खालच्या दाढा आतल्या बाजूला झुकत जिभेवर कमानीसारख्या वाढतात. मी कान तपासायचा दिवा तोंडात घालते तेव्हा आधी हिरवट लगदा दिसतो. तो कापसाने टिपला की मग दिसतात त्या दोन बाजूंनी येऊन भिडलेल्या दाढा आणि त्यांच्याखाली अडकलेली जीभ. प्राणी भुकेला असतो, वाटीपर्यंत येतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो. लाळेने हनुवटी भिजलेली असते. मग भूल देऊन दाढा कापाव्या लागतात आणि एवढ्याशा जिवाला भूल देणं हे माझ्याही छातीत धडधड करणारं काम आहे.

म्हणून खाण्यातला सगळ्यात मोठा वाटा वाळलेल्या गवताचा, तोही दिवसरात्र समोर. ज्वारीच्या कडब्याची ताटं त्याच्या कामाची नाहीत. बारीक, हिरवट वाळलेलं गवत हवं. पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, ते आधी हुंगून बघा. ओली हरळी त्याला प्राणप्रिय. गणपतीत दूर्वांच्या जुड्या स्वस्त मिळतात, त्या धुऊन द्याव्या. रस्त्याकडेची, फवारणीची नको. लसूणघास लहान पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक. मोठ्यांना रोज दिला तर त्यातल्या चुन्याने मूतखडा होतो. बटाटा, कांदा, लसूण, पाव, डाळ, दूध यांतलं काही नको.

पिंजऱ्याबद्दल थोडक्यात. दोघांना निदान चार बाय दोन फूट सपाट जागा हवी, तळाला जाळी नको, पायाला जखमा होतात. दोघे म्हणते ते मुद्दाम. हा एकट्याने राहणारा प्राणीच नाही, स्वित्झर्लंडमध्ये तर त्याला एकटं ठेवणं कायद्यानेच बंद आहे. मात्र 'दोन माद्या' या दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका, आधी डॉक्टरकडून बघून घ्या. साधारण ६८ दिवसांत, उघड्या डोळ्यांची, अंगभर केसांची पिल्लं पळत बाहेर येतात आणि ती आई त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. सातेक महिन्यांच्या पुढे पहिलं बाळंतपण आलं तर ओटीपोटाची हाडं सैल होत नाहीत आणि मादी अडते.

उन्हाळा हा त्याचा खरा वैरी. तो थंड डोंगरातला, २७-२८ अंशांच्या वर त्याला धाप लागते आणि आपला एप्रिल कुठे जातो ते ठाऊक आहे. बाल्कनी नकोच. पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, आडवा माठ ठेवा, तो त्यातच पडून राहतो. शक्यतो पाऊस सुरू झाल्यावरच घरी आणा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. घरात उरलेलं मुलांचं अँटिबायोटिक सिरप त्याला पाजू नका. अमॉक्सिसिलिनसारखं औषध पोटात गेलं की आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि मागोमाग प्राणीही जातो. सर्दी वाटली, लेंड्या बारीक किंवा कमी झाल्या, की सरळ दवाखाना. घरच्या काट्यावर आठवड्याला वजन करा. हा शिकार होणारा प्राणी, दुखणं लपवतो, पण काट्यापासून लपवता येत नाही. अर्धा दिवस पोट रिकामं राहिलं तरी आतडं थांबायला लागतं.

त्यामुळे दिवाळीत चार दिवस गावाला जाताना गवत-पाणी ठेवून कुलूप लावता येत नाही. शेजारी सोय करा, गवताची पिशवी, भाजी आणि डॉक्टरचा नंबर त्यांच्याकडे द्या आणि पिंजऱ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, पोळी देऊ नये. शेजारच्या आजी तरीही देतातच. पण कागद असला की कमी देतात.