कडेवरचं नाव

सकाळी ६.३० : रविवार. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पथाऱ्या पसरत असतानाच पोचलं तर काही हाती लागतं. उशिरा गेलं की उरतात ते नवेकोरे ‘पुरातन’ पितळी कंपास. पिशवीत भिंग, लोहचुंबक, सुती हातमोजे.

७.१५ : “काका, तुमचा माल आलाय.” ओळखीचा पथारीवाला रुमाल उलगडतो. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला उघडाबंब घोडेस्वार आणि १९१४, १९१८. मी आधी कड बघतो. नंबर, हुद्दा, नाव, पलटण : ११० मराठा. अक्षरं शाबूत! हे पदक दुर्मीळ नाही, चांदीत सुमारे ६५ लाख काढली गेली. पण चांदी अस्सल, त्यामुळे आपल्याकडची कितीतरी सराफाच्या मुशीत गेली.

“चांदीचा भाव, वर पाचशे.” लगेच देऊन टाकतो. कडेकडे जास्त वेळ बघितलं की आकडा चढतो, हे तीस वर्षांत शिकलोय.

९.३० : घरी चहा. बायको विचारते, “घासून चकचकीत करू का?” नको. पदकांचा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे दिवाळीची साफसफाई. दरवर्षी ब्रासो लावून लावून कडेवरचं नाव पुसलं जातं आणि मागं राहतो नुसता चांदीचा तुकडा. काळा थर राहू दे. मऊ कापडानं धूळ टिपली, बस्स.

११.०० : एक तरुण गोणपाटात ‘शिवकालीन’ तलवार घेऊन येतो. पातं गंजलेलं, मूठ झोकदार. मी पातं आणि मूठ जिथं मिळतात तिथं भिंग धरतो. जुन्या मुठीत पातं तापवलेली लाख भरून बसवायचे. इथं वेल्डिंगचा मणी दिसतोय. गंजही सगळीकडे सारखा. अ‍ॅसिडचं काम असावं. “किती दिलेस?” तो आकडा सांगत नाही. मीही पुन्हा विचारत नाही. चहा देतो आणि कपाटातली खरी धोप, म्हणजे सरळ पात्याची मराठा तलवार, त्याच्या हातात ठेवतो. डोळ्यांआधी हात शिकला पाहिजे.

दुपारी ३.०० : तलवारींची पाळी. घामाचे ठसे पुसायचे, पात्यावर तेलाचा पातळ हात फिरवायचा. कातडी म्यानात पातं कायम ठेवायचं नाही, कातडं ओल धरतं. मध्येच परदेशातून फोन : ती धोप विकणार का? शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, १९७२चा कायदा आहे, एवढं सांगून फोन ठेवून देतो.

५.०० : आता खरं काम. ११०वी मराठा पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेली होती. टेसिफॉनला लढली, मग कूतच्या वेढ्यात अडकली. २९ एप्रिल १९१६ला तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली. युद्धस्मारकांच्या यादीत नंबर आणि पलटण टाकतो. पदकावरचा शिपाई सापडतो. मृत्यू नोव्हेंबर १९१५, टेसिफॉनच्या लढाईचे दिवस. बापाचं नाव, गाव, जिल्हा सातारा.

बसऱ्याच्या स्मारकावर ४०,०००हून जास्त बेपत्ता मृतांची नोंद आहे. तिथं अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीमागे किती मेले, एवढे आकडेच. दगडानं ज्याला आकड्यात मोजलं, त्याचं नाव या कडेवर आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये थोडं वाकडं झालेलं, पण आहे. मी गोळा करतो ते हे. चांदी नव्हे.

रात्री ९.०० : वहीत नोंद केली. उद्या ग्रामपंचायतीला फोन. मागच्या खेपेला अशाच एका गावात पणतू सापडला होता. त्याचा पहिला प्रश्न, “चांदी किती भरेल?” या वेळी वजन आधीच करून ठेवलंय : तीन तोळ्यांच्या आसपास.