लघवीला फेस, चेहऱ्याला क्रीम

केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल इथल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी २०२१ ते २०२३ या काळात ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपथी’ या मूत्रपिंडाच्या आजाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतल्या १५ जणांच्या बायोप्सीत ‘नेल-१’ हे एकच प्रथिन सापडलं. खोदून विचारल्यावर या पंधरांपैकी तेरा जणांनी गोरेपणाची क्रीम लावत असल्याचं सांगितलं. आपल्याकडेही, अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली, तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या वापरत असलेली क्रीम तपासली गेली. तिच्यात पारा निघाला.

त्वचेला काळसर छटा देणारं मेलॅनिन पाऱ्यामुळे तयार होत नाही. थोड्याच दिवसांत रंग उजळतो आणि क्रीम खपते. पण पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्या पाणी आणि टाकाऊ द्रव्यं सोडतात, प्रथिनं अडवतात. या आजारात आपल्याच रोगप्रतिकारक यंत्रणेची प्रतिपिंडं गाळणीच्या पडद्याच्या बाहेरच्या अंगाला जाऊन बसतात, तिथल्या पेशींना जखमी करतात आणि अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीवाटे वाहून जाऊ लागतं. म्हणून फेस. रक्तातलं अल्ब्युमिन घटलं की सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसते. ते फारच उतरलं तर पायातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्याही होतात.

ही प्रतिपिंडं नेमकी कशावर चाल करतात, हे कोडं अनेक दशकं सुटत नव्हतं. बॉस्टनच्या लॉरेन्स बेक आणि डेव्हिड सॅलंट यांनी २००९ मध्ये त्याचा मोठा भाग सोडवला. सुमारे ७० टक्के रुग्णांत हा मारा गाळणीच्या पेशींवरच्या ‘पीएलए२आर’ या प्रथिनावर असतो. आज ही प्रतिपिंडं साध्या रक्ततपासणीत कळतात आणि बऱ्याच रुग्णांची बायोप्सी टळते. मला हा गेल्या वीस वर्षांतला मूत्रपिंडशास्त्राचा सर्वांत सुंदर शोध वाटतो.

नेल-१ हे असंच दुसरं लक्ष्य पुढे अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये ओळखलं गेलं. ते सापडलं की तिकडचे डॉक्टर आधी शरीरात कुठे कर्करोग दडला आहे का, हे शोधतात. भारतात तो शोध सोडून चालत नाही, पण आणखी दोन प्रश्न विचारावेच लागतात: चेहऱ्याला काय लावता, आणि कुठली भस्मं किंवा गावठी औषधं घेता? भारतीय डॉक्टरांनी २०२२ मध्ये नेल-१ चा पारंपरिक औषधांशी असलेला संबंध मांडला होता. क्रीमचं नाव रुग्ण आपणहून सांगत नाहीत. त्यात लाज असते, आणि ती लाज ज्या समाजाने मुलींच्या मनात रुजवली, त्याचा मला मनापासून राग येतो. सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त असू नये, असा आपला नियम आहे. बेकायदा क्रीममध्ये तो याच्या हजारो पट सापडला आहे.

निदान नेमकं झालं की उपचार बदलतात. पीएलए२आरच्या आजारात काही जण आपोआप बरे होतात, म्हणून धोका कमी असेल तर वाट पाहतात. नाहीतर प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची फळी कमी करणारं रिटुक्सिमॅब, किंवा स्टेरॉइडबरोबर सायक्लोफॉस्फमाइड द्यावं लागतं. दोन्हींत संसर्गाची भीती असते. क्रीममुळे झालेल्या आजारात मात्र केरळच्या बहुतेक रुग्णांना क्रीम थांबवल्यावर उतार पडला. जोडीला टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या देतात, त्यांनी प्रथिनांची गळती कमी होते.

सुरुवातीला, मूत्रपिंडाचं काम जोखण्यासाठी रक्तात मोजलं जाणारं क्रिएटिनिन अगदी सर्वसाधारण असू शकतं, त्यामुळे ‘किडनी ठीक आहे’ असा अहवाल हाती येतो आणि आजार वर्षभर निसटतो. लघवीतलं प्रथिन मात्र पट्टी बुडवून काही मिनिटांत कळतं. क्रीम बंद केल्यावरही ते जाणं लगेच थांबत नाही. गाळणी सावरायला काही महिने जातात आणि तोवर लघवी व रक्तातलं अल्ब्युमिन पुन्हा पुन्हा तपासत राहावं लागतं.