आठवणीचा अर्थ

आत्मचरित्रांत घटना सांगणें सोपें. ती लेखकास इतकी मोलाची कां ठरली, हें वाचकास पटविणें अवघड. नांदगांवाहून जळगांवकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील चाळीसगांवीं घडलेला एक प्रसंग या दृष्टीनें अभ्यासण्याजोगा आहे.

१९२९ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथें आगगाडींतून उतरले. महारवाडा पायीं जाण्याइतका जवळ होता; तरी स्वागतास आलेल्या मंडळींनीं टांगा आणण्यांत बराच वेळ घालविला. वाटेंत पुलावर टांग्याचें चाक दगडावर आदळलें, ते फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. मागाहून कळलें कीं, एकहि टांगेवाला त्यांना नेण्यास तयार नव्हता. म्हणून पाहुण्याचा मान राखण्यासाठीं मंडळींनीं टांगा भाड्यानें घेतला आणि ज्यानें तो कधीं हांकला नव्हता अशा आपल्यांतल्याच एकास पुढें बसविलें.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आत्मकथनांत आंबेडकर हें कारण अपघातानंतरच सांगतात. तोंवर वाचकहि त्यांच्याइतकाच अनभिज्ञ असतो. म्हणूनच, साधा टांगेवालाहि अस्पृश्य बॅरिस्टराहून स्वतःस श्रेष्ठ समजतो, हा निष्कर्ष आक्रोशाविना मनांत रुततो. विशेषणांनीं आठवण मोठी होत नाहीं. तेव्हां काय दिसलें आणि मागाहून काय उमगलें, यांतलें अंतर लेखकानें राखलें, म्हणजे तिचा अर्थ वाचकास आपण होऊन कळतो.