गावशिवेतील इतिहाससाधने : स्मारकशिळा, समाधी व वनस्पती

ज्या गावाचे नाव जुन्या दप्तरांत क्वचितच येते, त्याचा इतिहास कशाच्या आधारे लिहावयाचा? महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा गावाच्या शिवेतच उभे असते.

त्यांत पहिले स्थान वीरगळाचे. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळच्या चौकटीत वीराच्या मृत्यूचा प्रसंग असतो. तेथे गाई कोरलेल्या असल्यास गोधनाच्या रक्षणार्थ झालेली चकमक सूचित होते. मधल्या चौकटीत अप्सरा वीरास नेतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो व माथ्यावर चंद्रसूर्य असतात. काकणे ल्यालेला उभा हात सतीशिळेची खूण होय. बोरिवलीनजीक एक्सर येथील वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. बहुतेक वीरगळांवर लेख नसल्याने वीराचे नाव कळत नाही. अशा वेळी शिळा कोणत्या वाटेवर वा शिवेवर उभी आहे, हाच मोठा पुरावा ठरतो.

वनस्पतींची साक्षही उपयोगी पडते. मात्र ती तपासून घ्यावी लागते. समाधी, कबरी व देवळे यांच्याजवळ आढळणारा पांढरा चाफा मूळचा अमेरिका खंडातील. पोर्तुगीज येण्यापूर्वी तो येथे असणे संभवत नाही. समाधी यादवकालीन आहे आणि चाफा तिच्याबरोबरच लावला गेला, असे गावकरी सांगत असतील, तर ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. तथापि झाड अलीकडचे म्हणून समाधीही अलीकडची, असा निष्कर्ष काढणे तितकेच चुकीचे होय. सीताफळ व निवडुंग यांचीही हीच गोष्ट. बेचिराग गावाच्या पांढरीवर ती माजलेली दिसली, तरी वस्तीचा काळ ठरविण्यास खापरेच पाहावी लागतात.

देवराईत शिळा व वृक्ष एकत्र सापडतात. तेथे कुऱ्हाड चालवू नये या निर्बंधामुळे दोहोंचे रक्षण झाले. मा. ध. गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व अभ्यासकांपुढे मांडले.

आज खरा धोका दुर्लक्षाइतकाच श्रद्धेतूनही संभवतो. जीर्णोद्धारात वीरगळ उचलून नव्या ओट्यावर बसविले जातात. शेंदराच्या पुटांखाली कोरीव काम बुजते. शिळा वाचते, परंतु तिचे स्थान कायमचे हरवते. म्हणून शिळा हलविण्यापूर्वी तिची जागा, दिशा, मापे, भोवतीची झाडे व वृद्धांनी सांगितलेली हकीकत यांची नोंद करून ठेवणे, हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाचे पहिले कर्तव्य होय.