बुलेटची ‘स्लो’ आणि एक छोटा पेच

जुन्या बुलेट ३५०ची तक्रार बहुतेकदा सिग्नललाच समजते. रस्त्यावर गाडी ठणठणीत पळते आणि अॅक्सिलरेटर सोडला की दोन ठोके देऊन गप्प. मालक रेसचा पेच आवळतो, आवाज वाढतो, आणि दुखणं गेलं असं वाटतं. खरं तर त्या पेचाने फक्त आतली स्लाइड थोडी वर उचललेली असते. बिघाड आहे तिथेच राहतो.

या गाड्यांवर बरीच वर्षं मिककार्बचा व्हीएम २४ कार्बोरेटर बसत असे. त्यात अॅक्सिलरेटर अर्ध्यावर असताना सुई काम करते, पूर्ण पिळला की मेन जेट. गाडी जागेवर उभी असताना या दोघांचा फारसा संबंध उरत नाही. इंजिन जगतं ते पायलट जेटवर. त्याचं भोक मिलिमीटरच्या एका अंशाएवढं. गाडी महिनाभर उभी राहिली आणि पेट्रोल सुकून राळ धरली, तर सगळ्यात आधी तेच बुजतं. ते केबलच्या तारेने टोचू नये. पितळ मऊ असतं, भोक रुंदावतं आणि जेट कायमचा बिघडतो. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो.

जेट साफ असूनही स्लो टिकत नसेल, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला जोड बघावा. तिथून हवा शिरत असेल तर अॅक्सिलरेटर सोडल्यावरही रेस उतरायला वेळ लागतो. साबणाचं पाणी शिंपडून इंजिनचा सूर बदलतो का, ते ऐकावं. पॉइंटवाल्या मॉडेलमध्ये पॉइंटची गॅपही तपासावी. तिचा दोष कार्बोरेटरच्या माथी मारण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे.

हे सगळं झाल्यावर एअर स्क्रू. इंजिन चांगलं तापवावं, पेच अलगद पूर्ण आत न्यावा आणि दीड आटा बाहेर काढावा. मग पाव-पाव आटा फिरवत इंजिन सर्वांत वेगाने चालतं ती जागा शोधावी आणि वाढलेली रेस रेसच्या पेचाने उतरवावी. एअर स्क्रू हा हवेचा पेच आहे: आत नेला की मिश्रणात पेट्रोल वाढतं, बाहेर काढला की हवा. इंजिनच्या बाजूला पेच असलेल्या अनेक कार्बोरेटरांत याच्या नेमकं उलट असतं, त्यामुळे दुसऱ्या गाडीवर शिकलेला हात इथे फसतो.

रेस किती उतरवायची, यावर बुलेटवाल्यांशी वाद घालणं अवघड. ठोके मोजता येतील इतकी स्लो ही त्यांची हौस. पण ऑइल पंप इंजिनवरच फिरतो आणि चार्जिंगही. दिवा लावल्यावर अॅमीटरचा काटा उणेत जाऊन पडत असेल, तर ती हौस बॅटरीच्या जिवावर चालली आहे.

जेट बदलण्याचा निर्णयही एअर स्क्रूच सांगतो. पेच जवळजवळ बंद केल्यावरच इंजिन सुरळीत चालत असेल, तर पायलट जेट लहान पडतो आहे. तीन आटे काढूनही प्लग काळा होत असेल, तर मोठा आहे. मोकळा सायलेन्सर आणि उघडं फिल्टर लावल्यावर पहिली स्थिती हमखास येते. आता वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनेही ती येऊ लागली आहे. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात, इथेनॉलला फक्त ९. जुना जेट पूर्वीइतकंच इंधन सोडतो आणि मिश्रण पातळ पडतं. अशा वेळी आधी पेच अर्धा आटा आत नेऊन बघावा. पुरलं नाही तर जेट एक नंबर वरचा.